चुकून लागलेला फोन

महागावच्या बसस्टँडवर बेबीताई फुलसावंगीच्या गाडीची वाट पाहत बसल्या होत्या. मागच्या बाकावर जहीर आणि देविदास हे दोन निवृत्त फौजी बोलत होते.

"देवा, पोळ्याच्या आधी तू फोन केलता, आठवते?"

"हो. माहा बैल आजारी होता. काहून?"

"त्या दिवशी मी जीव द्यायले निघालतो."

"काय बोलून राह्यला, जहीर!"

"तू बोलतच राह्यला. मंग मी घरात येऊन बसलो."

"अरे, फोन ढोराच्या डॉक्टरले लावलता मी! चुकून तुले लागला."

"मंग ठेवला काहून नाही?"

"तुहा आवाज ऐकला अन् ठेववला नाही. खरं सांग, अजूनही तसं वाटते?"

"कधी कधी."

"मंग आज माह्या घरीच मुक्काम. उद्या दोघं मिळून दवाखान्यात जाऊ."

गाडी लागली. बेबीताई गाडीकडे गेल्या नाहीत. त्या मागे वळल्या.

"भाऊ, माहा अंकुश फौजेतून सुट्टीवर आला. खोलीतून निघतच नाही, कोणाशी बोलत नाही. मले वाटलं, थकला असन."

जहीरनं त्यांची पिशवी उचलली. देविदासही सोबत उठला.

"थकलाच हाये तो, मावशी. चला, मी बोलतो त्याच्याशी."