सुगंधाची खोटी हाक

मंडळी, ऐका! टाळ जरा मांडीवर ठेवा. पांडुरंगाच्या समोर बसून एक प्रश्न विचारतो. भर दुपारी अख्खं गाव जेवायला बसलेलं, आणि एका बाईनं खोटी हाक मारून सगळ्यांना ताटावरून उठवलं. पाप की पुण्य?

‘पाप!’ — कोण म्हणालं? काका, तुम्ही? आमटी गार झाल्याचं दुःख मला कळतं हो! पण निकाल द्यायची घाई करू नका.

आमचं गाव खाडीकाठचं. एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भातशेती, आणि मधे मातीचा बांध. हा बांध फुटला की त्याला आम्ही म्हणतो खांड गेली. खारं पाणी शेतात शिरलं की तीन वर्षं भात नाही! म्हणून गावाचा नियम आहे. ‘खांड गेली’ अशी हाक आली की हातातला घास टाकायचा आणि घमेलं घेऊन धावायचं. खांड कुणाच्या शेतासमोर गेली, हे विचारायचं नाही! आणि खोटी हाक मारणाऱ्याला शिक्षाही तशीच. पुढची चार वर्षं त्याच्या बांधाला गाव हात लावणार नाही. म्हणजे शेत गेलंच म्हणा.

या गावात पदाजी म्हात्रे. धिप्पाड गडी, हसला की दोन आळ्यांत ऐकू जायचं. बांधावर लक्ष ठेवायची पाळी प्रत्येक घराला येते. एका उधाणाला पदाजीची पाळी होती. त्याचा जरा डोळा लागला — आणि खांड गेली! चार घरांची शेतं खारी झाली. गाव त्याला तोंडावर काही बोललं नाही. पाठीमागे काय बोललं, ते तुम्हाला सांगायला हवं का?

त्या दिवसापासून पदाजी मिटला. जेवण नाही, झोप नाही. भिंतीकडे तोंड करून बसायचा. बायको सुगंधा विचारायची, “काय होतंय तुमाला?” तर म्हणायचा, “मना काय कळत नाय गो. जगून कुनाचा काय भला केला मी?”

आणि पदाजीची आई काय म्हणाली? “सुगंधा, घरातला घरातच ठेव. कुनी विचारला तर सांग, ताप हाय.”

ताप! आठ महिने ताप! मंडळी, एवढा ताप बघून मलेरियासुद्धा लाजला असता! पण गावानं मान डोलावली. कारण खरं ऐकायचं कुणाला होतं?

सुगंधा एकाकडे मात्र गेली. कुणाकडे? एका कीर्तनकाराकडे. म्हणाली, “बुवा, माझा मानूस हातातून चाललाय.” तर तो शहाणा चहाचा घोट घेत म्हणाला, “नाम घ्यायला सांग. मन घट्ट कर म्हणावं.” आणि बशीतला उरलेला चहा संपवला त्यानं.

तो शहाणा मी! हसू नका. त्या चहाची मला अजून लाज वाटते.

अमावास्येचं उधाण आलं. दुपारी भरती. सुगंधा भात वाढत होती, मागं वळून पाहते तर पाट रिकामा! धावत बांधावर गेली. पदाजी पलीकडच्या अंगाला, खाडीत उतरून उभा. पाणी कंबरेला, आणि चढतंय! तिनं हाका मारल्या. तो वळेना. पाण्यात जाऊन तिनं दंड धरला. त्यानं झटकला.

आता काय करेल ती? ‘माझ्या नवऱ्याचं मन दुखतंय, धावा’ म्हणाली असती तर कोण आलं असतं? तुम्ही आला असता? खरं सांगा!

सुगंधा बांधावर चढली. पदर खोचला. आणि छाती फुटेस्तोवर ओरडली — “खांड गेलीऽऽ! खांड गेलीऽऽ!”

साठ माणसं आली, मंडळी! खरकट्या हातांनी, फावडी-घमेली घेऊन. मीही होतो त्यात. पुढं म्हातारे हाशा नाना, बांधाचे प्रमुख. “कुठं हाय खांड?”

“बांधाला काय नाय झाला, नाना. मी खोटी हाक मारली. माझा शेत जाऊ दे. पन त्यो बगा, कुठं उभा हाय!”

पाणी पदाजीच्या छातीला लागलेलं. कुणी हलेना. मीसुद्धा!

नानांनी फावडं खाली ठेवलं. धोतरासकट पाण्यात उतरले आणि पदाजीच्या शेजारी जाऊन नुसते उभे राहिले.

“नाना, जावा तुमी. माझ्या पाळीत खांड गेली.”

“माझ्या पाळीत दोनदा गेली रे! येकदा तर मी ताडी पिऊन पडलेलो. चाळीस वर्सं कुनाला बोललो नाय. आता तू सांग, मी पन इथंच उभा ऱ्हाऊ का?”

पदाजीनं पहिल्यांदा मान वळवली. तोवर दहा जण उतरले होते. खांड भरताना पाणी अडवायला हातात हात अडकवून उभे राहतात ना, तसे त्याच्याभोवती उभे राहिले. आणि तो रडला हो! आठ महिन्यांचं सगळं रडला. मग त्याला धरून वर आणला.

शिक्षा? पंच बसले तेव्हा नाना एवढंच म्हणाले, “शिक्षा करायची तर पयली मना करा. मी याला आठ महिने रोज बगत होतो.” शिक्षेचा विषय तिथंच संपला.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेला. गोळ्या सुरू झाल्या. आणि गावानं पाळ्या लावल्या — बांधासारख्याच! रोज एकानं पदाजीजवळ बसायचं. सोपं नव्हतं. ‘बरा झालाय’ म्हणून आईनं मधेच गोळ्या थांबवल्या, तो पुन्हा भिंतीकडे वळला. पुन्हा तालुका, पुन्हा पहिल्यापासून. दीड वर्ष गेलं. अजूनही काही दिवस वाईट येतात त्याला.

माझी पाळी गुरुवारी. पहिल्याच दिवशी मी उपदेशाला तोंड उघडलं. पदाजी म्हणाला, “बुवा, नुसता बसा.” दोन तास गप्प बसलो! एवढं कठीण काम मी जन्मात केलेलं नाही.

ही गोष्ट नावानिशी सांगतोय, ती त्या दोघांना विचारून. सुगंधा म्हणाली, “सांगा बुवा. कुनाच्या घरात ताप असंल तर कळंल.”

तर काका, आता बोला. पाप की पुण्य? मान खाली का घातलीत? तुम्हाला एकट्याला नाही विचारत. इथं दोनशे माणसं बसली आहेत. दारात चपला काढताना सगळ्यांनी एकमेकांना ‘बरं आहे’ सांगितलं. सगळ्यांचं खरंच बरं आहे? कुणाच्या घरात महिनोन् महिने ताप चाललाय? त्या घरच्यांनो, हाक मारा, लाजू नका! आणि बाकीच्यांनो, त्या बाईला खोटं बोलावं लागलं ते आपल्यामुळे. खरी हाक ऐकून उठलो असतो, तर खोटी कशाला मारली असती तिनं?

मृदंगबुवा, हात थांबवा. जयजयकार नंतर करू, देव काही घाईत नाही. आधी शेजारी बसलेल्या माणसाकडे वळा आणि विचारा, कसं आहे. उत्तर येईपर्यंत गप्प बसा.

विचारा. मी थांबलोय.