बत्तिसावी ओळ

...नाही, पण "एकच तर ओळ" म्हणणाऱ्या माणसाला एकदा माझ्यासमोर आणून बसवाच! सिस्टर फोनवर अगदी हेच म्हणाल्या, आणि तेव्हा मी काय करत होतो, तर दुकानात एका आजींच्या नाकावर चष्मा चढवून "आजी, तक्त्यावरची शेवटची ओळ वाचा" असं तिसऱ्यांदा सांगत होतो, आणि आजी म्हणत होत्या, "दिसत नाही रे, पण गेल्या वर्षीचीच आहे ना? मग पाठ आहे मला!" साधा मंगळवार. काचा पुसायचा फडका खांद्यावर. आणि फोन वाजला.

तुम्हाला सांगतो, सिस्टर म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. आवाज असा, की बसलेला माणूस उभा राहतो. मी राहिलो! "बाईंच्या खणात वही सापडली. मुलं बत्तीस, ओळी एकतीस. शनिवारी समारंभ आहे. राहिलेली तुम्ही लिहा. एकच तर ओळ!"

बाई म्हणजे आमची ही. चार महिने झाले तिला जाऊन.

आता ओळीचं प्रकरण सांगायला हवं. वर्षाअखेरीला कप, पदकं सगळ्याच शाळा देतात. या शाळेत ते झालं की प्रार्थना होते, आणि मग शाळा सोडून जाणारं एकेक मूल पुढे येतं आणि त्याच्याबद्दल एक ओळ वाचतात. पहिल्या आलेल्यालाही एक, काठावर पास झालेल्यालाही एकच. बावीस वर्षं हिने त्या ओळी लिहिल्या, जेवणाच्या टेबलावर बसून, आणि नियम असा कडक, की विशेषण चालणार नाही! "हुशार, गुणी, आज्ञाधारक... ही काय बाटलीवर चिकटवायची लेबलं आहेत? पाहिलेलं लिहायचं." लिहून झालं की मला वाचून दाखवायची. "ऐका हो. हा डबा खाताना झाकणात आधी शेजाऱ्याचा वाटा काढतो." आणि मी वर्तमानपत्राच्या आडून, "हं, छान." बावीस वर्षं "हं, छान"! आता बोला.

माझ्या धंद्यात ओळी वाचून घ्यायच्या असतात हो, लिहायच्या नसतात! आणि इकडे दफनभूमीतला दगड कोरणारा मिस्त्री दर सोमवारी दुकानाच्या दारात हजर. "साहेब, नाव झालं, तारखा झाल्या, खाली जागा सोडलीय. काय लिहू?" मी म्हणतो, उद्या सांगतो. "लोक 'प्रेमळ पत्नी' लिहितात. तेच घालू का? एकच तर ओळ!" विशेषण! तिच्या डोक्याशी विशेषण घातलं तर उठून बसेल ती!

तर गेलो शाळेत. ही बत्तिसावी मुलगी वर्षाच्या मध्येच आलेली, म्हणून यादीत शेवटची, आणि मी तिला पाहिलेलंसुद्धा नाही. खेळाच्या सरांना विचारलं. "शिस्तीत असते." ग्रंथालयातल्या बाईंना विचारलं. "शांत आहे हो." झालं! एवढ्यावर सोडू म्हणता? भर सभागृहात एकतीस जणांची ओळ वाचायची आणि बत्तिसावीला लेबल चिकटवून पाठवायचं? तेही हिच्या वर्गातून?

शेवटी गणिताचे सर भेटले आणि भडकलेच. "ती? ती फळ्याची राखणदार? अहो, चार महिने उजव्या कोपऱ्याला हात लावू देत नाहीये! पाऊण फळ्यावर गणित शिकवतोय मी! समीकरण मध्येच मोडून खाली उतरवावं लागतं!" मी म्हटलं, "मग पुसून का नाही टाकलं?" सरांनी चष्मा काढला, माझ्याच दुकानातला, उगाचच पुसला आणि म्हणाले, "तुम्ही पुसून दाखवा."

वर्गात गेलो. उजव्या कोपऱ्यात, खडूची चौकट, पुन्हापुन्हा गिरवून जाड झालेली. आत हिचं अक्षर. 'उद्या पान बेचाळीस.'

हे लिहून ही त्या दिवशी घरी आली, पर्स खुर्चीला अडकवली, "जरा पडते" म्हणाली... असो.

एक मुलगी समारंभासाठी खुर्च्या एकावर एक रचत होती. तीच, बत्तिसावी. हातातली खुर्ची ठेवून फळ्यापाशी येऊन उभी राहिली.

"काका, पुसणार आहात?"

"नाही गं. आहे काय त्या पानावर?"

"माहीत नाही. बाई शिकवणार होत्या ना. आम्ही कुणीच उघडलं नाही. नव्या बाईंना सांगितलं, त्रेचाळीसपासून घ्या."

सगळा वर्ग, हं! बत्तीसच्या बत्तीस!

शनिवारी सभागृह गच्च. कप झाले, पदकं झाली, प्रार्थना झाली. सिस्टरांनी एकतीस ओळी वाचल्या, हिच्याच शब्दांत, आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी उभा. स्वतः चष्मे विकणारा माणूस, आणि हातातल्या कागदावरचं अक्षर दिसेना! कसंबसं वाचलं. "हिने चार महिने फळ्याचा एक कोपरा कुणालाही पुसू दिला नाही."

मागून गणिताचे सर उठले, "मलासुद्धा नाही!" म्हणाले, आणि टाळ्या त्यांनीच सुरू केल्या. सिस्टर प्रार्थनेनंतर टाळ्या वाजू देत नाहीत. त्या दिवशी त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मुलगी ओळ लिहिलेलं कार्ड घ्यायला आली. मी हळूच म्हटलं, "अगं, सुट्टीत वर्गातले फळे रंगवतात."

"माहितीय काका. चालेल आता."

बघा! बारा महिने झाले नाहीत शाळेत येऊन, आणि तिला तो कोपरा सोडणं जमलं.

सोमवारी मिस्त्री आलाच. "शाळेत तर लिहिलीत म्हणे! मग ही एकच तर ओळ!" मी तोंड उघडलं. सव्वीस वर्षं एका टेबलावर जेवलो आम्ही. तिने वर्गभर पोरांचं काय काय पाहिलं, आणि मी? मी पाहिलं काय, वर्तमानपत्राच्या आडून?

"उद्या सांगतो," म्हटलं.

दगडावरची ओळ मी अजून दिलेली नाही.