डिस्क कोरी न्हाई

पहिल्यांदा तर मी डिस्क उलटीच घातली. म्हंजे बघा, नेवाशात लग्नाच्या शूटिंगवर ज्यानं घर चालवलं त्या मानसानं, सासूबाईंच्या देखत, चकाकती बाजू वर करून. मार्थानं, माझ्या बायकोनं, डिस्क काढली, पालथी केली आन माझ्या हातात दिली.

आमी मूळचे बेलापूरकडचे. बाप शाळंत शिपाई, मला कॅमेऱ्याचा नाद लागला, नेवाशाला आलो तो तिथलाच झालो. मार्थाचे वडील, आमचे आण्णा, चर्चमधी पेटी वाजवून भजनं म्हनायचे, लई गोड गळा. ते गेले त्याच्या थोडं आधी मी त्यांचं एक भजन घरीच रेकॉर्ड केलं आन पुसून परत लिहिता येती तसल्या डिस्कवर टाकलं, त्या टायमाला हाताशी तीच हुती. पुढं कम्प्युटरची हार्डडिस्क जळाली, त्याच्यातलं सगळं गेलं, आण्णांचा आवाज म्हंजे तेवढी एक डिस्क ऱ्हायली.

काय सांगू तुम्हाला, परवा सासूबाई ऱ्हायला आल्या, मेथी निवडता निवडता म्हनल्या, फोटोत तोंड दिसतं गं मार्था, पन त्यांचा आवाज आता ध्यानात यीना, लई आठवून बघितला. मार्था मेथी तशीच टाकून कपाटाकडं गेली.

तर मग सुलटी घातली. आत घर्र घर्र, थांबतंय, परत घर्र. लग्नाची साधी डिस्क घातली तर नवरी झटक्यात हजर, आण्णांची घातली की ड्राइव्ह मुका. मी सासूबाईंना समजावलं, ह्या पुसायच्या डिस्कला चकाकी कमी असती, ड्राइव्हचा डोळा अधू झाला की त्याला ती दिसत न्हाई. त्या म्हनल्या, मग त्याचा मोतीबिंदू काढा.

तेवढ्यात पडद्यावर आलं, डिस्क कोरी हाय, फॉरमॅट करायची का. आन माझी सवय अशी, कम्प्युटरनं काई विचारलं की व्हय, मार्थानं काई विचारलं की व्हय, संसार त्याच्यावरच चाललाय. बोट माउसवर गेलंच हुतं. मार्थानं मनगट धरलं. कोरी कशी, म्हनली, मी ऐकलीय ती.

मी न्हाईवर दाबलं. व्हय दाबलं असतं तर आण्णा दुसऱ्यांदा गेले असते, आन ह्या खेपंला माझ्या हातानं.

मग ध्यानात आलं, जिनं ही डिस्क लिहिली ती जुनी मशीन माळ्यावर पडून हाय. तिचा ड्राइव्ह काढून नव्या कम्प्युटरला जोडला तर त्याचा कप्पाच उघडंना. सासूबाईंनी पदराची पिन काढून दिली, ती सरळ करून कप्प्याखालच्या बारक्या भोकात खुपसली तवा उघडला. कापसाच्या काडीला स्पिरिट लावून ड्राइव्हच्या आतल्या भिंगावर अलगद फिरवली, वाळू दिलं आन डिस्क ठेवली. घर्र. थांबलं. मार्था डोळे मिटून पुटपुटायला लागली, मी पन प्रार्थना केली, पन माझी अशी की देवा, सासूसमोर लाज राख. परत घर्र, आन पडद्यावर आण्णांचं नाव.

आधी पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं, तवर कुनाला जागचं हलू दिलं न्हाई. मग लावलं. आधी खोकला, मग खुर्ची सरकली, आन आण्णा बोलले, अगं, पानी दे जरा.

सासूबाई उठल्या. खरंच उठल्या, सैपाकघराच्या दारापत्तुर गेल्या, तिथं थांबल्या, आन पुढचं सगळं भजन चौकटीला धरून उभ्यानंच ऐकलं.

आता घरोघरी द्यायला कॉप्या काढतोय. मी आपला धंदेवाईक मानूस, मार्थाला म्हनलं, सुरवातीचा खोकला आन ते पानी दे तेवढं कापून टाकतो, गानं स्वच्छ येईल.

ती म्हनली, गानं ते समद्यांसाठी म्हनलेत, पानी आईकडं मागितलंय, त्याला हात लावायचा न्हाई.