झांजीबारची सवाष्ण

अगो, रत्नागिरीत बसून जेवायला सवाष्ण मिळत नाही म्हणता? मग माझं झांजीबार ऐका.

ह्यांची तिथे लवंगांच्या वखारीत नोकरी. श्रावणातल्या शुक्रवारी सवाष्ण हवी, आणि मराठी घर आमचं एकच! शेवटी दारावरून फिरायला जाणाऱ्या मडमेला बोलावलं. ह्यांना म्हटलं, "आधी विचारा, नवरा हयात आहे ना?" हे लाजले, पण दर शुक्रवारी विचारायचे. ती हसून हो म्हणायची, कुंकू लावून घ्यायची आणि पुरणपोळी खायची.

पुढे शेजारी चोरी झाली. आमची सगळी कमाई तांदळाच्या डब्यात! हे मला घेऊन बँकेत खातं उघडायला गेले. गोरा साहेब म्हणाला, "तुम्ही परदेशी. इथल्या कुणाची ओळख आणा."

आम्हांला तिथे कोण ओळखणार? मी मनात पुळ्याच्या गणपतीला हाक मारली.

साहेब माझ्या कुंकवाकडे बघतच राहिला. मग ह्यांना म्हणाला, "मी जिवंत आहे का, असं माझ्या बायकोला दर शुक्रवारी विचारता, ते तुम्हीच ना?"

हे घाबरत "होय" म्हणाले.

"मग आणखी ओळख कशाला? माझी एवढी काळजी या गावात दुसरं कोण करतं?"

पुढच्या शुक्रवारी साहेबालाही पोळी पाठवली.