सूट कुणाच्या नावाची

(स्वयंपाकघर. सासूबाई लसूण सोलताहेत. सून कामावरून येऊन नुकतीच टेकली आहे.)

सासूबाई : तुझ्या नवऱ्याची लक्षणं मला धड दिसत नाहीत. सकाळपासून मागे लागलाय, "आई, गुडघा कसा आहे?" एरवी मी जिन्यावरून गडगडत आले तरी आधी चहा मागेल.

सून : काळजी वाटत असेल, आई.

सासूबाई : पोटच्या पोराला ओळखत नाही होय मी? मागे असाच गोड बोलला आणि माझं शिलाई मशीन विकून मोकळा झाला. आला बघ. ये रे. काय हवंय?

मुलगा : काही नाही गं. विजेची मोटार घ्यावी म्हणतोय. तुला डॉक्टरकडे न्यायला बरं. सरकार करात घसघशीत सूट देतंय.

सासूबाई : सरकार काय तुझा मामा लागतो? आणि हिला बॅटरीची सायकल घ्यायची होती, तिचं काय झालं? पेशंटांना घरोघरी इंजेक्शनं द्यायला रोज टेकडीचा चढ तुडवते बिचारी.

मुलगा : सायकलवरही सूट आहे, पण चिमूटभर. एका माणसाला एकदाच मिळते, ती सायकलवर कशाला उडवायची?

सासूबाई : मग तू तुझ्या नावावर मोटार घे, ती तिच्या नावावर सायकल घेईल. का रे? लसूण कशाला चिवडतोस?

सून : यांना सूट मिळणार नाही, आई. भरलेल्या करातूनच ती परत देतात. यांचं दुकान तेवढं चालतच नाही. कर माझ्या पगारातून जातो.

सासूबाई : म्हणजे मोटार हिच्या नावावर. आणि कर्ज?

मुलगा : तेही हिच्याच... नुसतं नावाला गं!

सासूबाई : हिला चालवता तरी येते?

सून : नाही.

सासूबाई : आणि मी हिच्या गळी उतरवावं, म्हणून माझा गुडघा आठवला!

मुलगा : तसं नाही. मेव्हण्याच्या दारात मोटार आहे, आपल्या दारात काय? तुलाही वाटतंच ना?

सासूबाई : वाटतं. खोटं कशाला बोलू? मोटारीतून उतरताना शेजारणीनं बघावं, असं फार वाटतं. पण पाय हिचे दुखतात, कर हिचा जातो. सायकलच येईल या घरात. आणि तुला हवा खायला जायचं असेल ना बाळा, तर हिला नीट विचार, मागं बसू देते का.