वीतभर घोंगडं

न्हाई सायब, सांगलीला यायला न्हाई जमायचं आमच्या मालकांस्नी — आवं, तुमची घोंगड्याची सोसायटी चांगलीच असंल, मी कुटं वंगाळ म्हनती? लोकर तुमीच देनार, घोंगडं तुमीच घेनार, बारा म्हैनं काम — कुनाला नगं वो? लढाई सपली तसं मिलटरीवालं घोंगडं मागंनात; बाजारात दिसभर उनात बसायचं आन् पाटीवर घिऊन मागारी यायचं. पन तितं समद्यांम्होरं मागावर बसून दावायचं म्हनता — तीच तर गोम हाय. कसली गोम? कसलीच न्हाई. ताक घ्या वाईच.

घोंगड्याचा काट बगताय व्हय? सरळ हाय न्हवं? म्या लय जपून — म्हंजी मालकांनी. मालकांनीच! आमच्यात बाई लोकर कातती, चिंचोक्याची खळ लावती. मागाच्या खड्ड्यात पाय न्हाई घालत. घातला तर — असं नगा बगू माज्याकडं. हळू बोला, आत निजल्यात. आता कळलंच हाय तर ऐका, पन बिरोबाची आन हाय तुमास्नी, कुनापाशी बोलायचं न्हाई. त्येंचा उजवा हात ग्येलाय. दोन वरसं झाली. दार लावून मीच इनती, ते हात घोंगड्यात झाकून उंबऱ्यावर बसत्यात. कुनी आलं की म्हनत्यात, आत्ताच उटलो मागावरनं. गावाला कळलं तर बाईच्या हातचं घोंगडं कोन अंगावर घील? वाळीत टाकतील वो आमास्नी.

आन् ह्ये काय पुटपुटत लिवताय — धोंडुबाई? माजं नाव? आवं खोडा, खोडा त्ये! सोसायटीत बाई चालती? तुमच्या सोसायटीत चालत आसंल, आमच्या देवाला न्हाई चालत. मला इचारा की! देवाच्या आसनाचं घोंगडं हुतं मागावर. जत्रा चार दिसांवर, आन् ह्ये तापानं फणफणल्यालं. वीतभर ऱ्हायलं हुतं, वीतभरच. देवाचं अर्दं कसं ठिवायचं? घातला पाय खड्ड्यात, केलं पुरं. आठ दिसांत त्येंचा हात लुळा पडला. पाप माजं, आन् फेडलं त्येंनी. आजबी मागाचा धोटा हातात घ्येतला की वाटतंय — आता काय न्हील ह्यो देव? दुसरा हात?

त्येंस्नी? छ्या, काय ठावं न्हाई. तापाच्या भरात आपूनच इनलं, असं वाटतंय त्येंस्नी. रोज रातीला मला म्हनत्यात, हात ग्येला, पन देवाचं आसन पुरं करून ग्येला. तेवड्यावरच तर जगतोय त्यो मानूस. म्हनून म्हनती, कुटं बोलू नगा, पाया पडती तुमच्या, जावा आता —

माज्या मागं काय बगताय?

आवं... तुमी आत निजला हुता न्हवं? कवा उटलासा?