रुपाली लेडीज टेलर्स, उत्पन्न दोन लाख चाळीस हजार

नाही, श्रीमंत असायला माझी हरकत नाही, तुम्हाला सांगतो, पण माणसाला आधी कळवायला नको का? पंचवीस वर्षं भोसरीला कंपनीच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजतोय, आणि गेल्या आठवड्यात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेलो तर तहसील कचेरीत खिडकीपलीकडची बाई म्हणते, "काका, तुमचं उत्पन्न बसत नाही." बसत नाही म्हणजे? "जास्त आहे." जास्त! अहो, माझ्या पगाराबद्दल हा शब्द आजवर माझ्या मेहुण्यानंसुद्धा काढला नव्हता!

झालं काय, आमच्या कल्याणीला इंजिनिअरिंगला सीट लागली. कॉम्प्युटरला! कर्वेनगरातच, घरापासून चालत दहा मिनिटं. क्लास नाही, काही नाही, पोरगी दोन वर्षं फुटक्या काचेच्या मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकली. फी वर्षाला एक लाख ब्याऐंशी हजार, पण घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं की मुलींना माफ. माझे वर्षाचे सहा लाख तीस. मी निवांत! सोसायटीत पेढे वाटले... अर्ध्या किलोत सोळा बिऱ्हाडं बसवली, पण वाटले.

तर ती बाई विचारते, "आणि मिसेसचे दोन लाख चाळीस हजार?" म्हटलं, कुठले? "रुपाली लेडीज टेलर्स. रिटर्न भरलंय की दरवर्षी." श्रीमंत ना आम्ही!

आता हे टेलर्स काय प्रकरण, ते ऐका. नऊ वर्षांपूर्वी आमचा हा फ्लॅट घ्यायचा होता, बँक म्हणाली एकट्याच्या पगारावर एवढं कर्ज मिळणार नाही. गेलो सदाशिव पेठेत, आमचे करसल्लागार हिंदुराव, त्यांच्याकडे. "वहिनी काय करतात?" घरीच असते. "शिवणकाम?" शेजारणींच्या साड्यांना फॉल लावते. "मग व्यवसायच की हा!" पाच मिनिटांत माझी बायको टेलर्सची मालकीण! कर्ज मंजूर. पुढं हिंदुराव म्हणाले, "आता बंद करू नका, बँकेला संशय येतो. आणि दरवर्षी थोडं वाढवत न्यायचं, धंदा बुडालेला दिसू नये." वाढवला! खरी कमाई विचाराल तर महिन्याला हजार रुपये, गौरी-गणपतीत दीड हजार.

पण त्या बाईला सांगणार काय? की हे खोटं आहे? सरकारी कचेरीत, माझ्याच बायकोच्या सहीचा कागद समोर असताना? मी आपला हळूच म्हटलं, "मॅडम, धंद्यात जरा मंदी आहे." तर म्हणते कशी, "कागदावर तर चढताच आहे, काका. अभिनंदन."

धावत हिंदुरावांकडे. "आता काही होणार नाही. तेव्हाच विचार करायला हवा होता." अहो, तेव्हा कल्याणी चौथीत होती! मग बँकेत गेलो, म्हटलं शिक्षणाचं कर्ज द्या. तिथला पोरगा कॉम्प्युटरकडे बघूनच म्हणतो, "सर, घराचा हप्ता जाऊन हातात उरतंय काय तुमच्या?" म्हणजे बघा, एका खिडकीत मी श्रीमंत आणि दुसऱ्या खिडकीत भिकारी, एकाच दिवशी, आणि मधे जेवणसुद्धा नाही!

घरी येऊन सांगितलं. रुपाली उठली. मशीनवरचं कापड काढलं, तेल घातलं आणि म्हणाली, "अहो, मग मी खरंच शिवते ना तेवढं. रोज तीन ब्लाउज शिवले की होतील." मी फटकन म्हणालो, "आणि घालणार कोण?" म्हणालो खरा, पण तिचं तोंड बघून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सीट पक्की करायचा शेवटचा दिवस. मी भावाला फोन लावतोय, पीएफचा फॉर्म शोधतोय, आणि कल्याणी चहा पिता पिता म्हणते, "बाबा, मला नं, गणितच आवडतं. बीएस्सी करते. कॉम्प्युटरला काय, सगळेच जातात." म्हटलं, गप्प बस, पाच वाजेपर्यंत वेळ आहे. तर म्हणे, "सोडली मी सीट. सकाळीच." मोबाइलवरून सोडली! मला न विचारता! विचारलं असतं तर मी नाहीच म्हणालो असतो... आणि मग पैसे आणले असते कुठून?

मी उठलो, बाथरूममध्ये गेलो, नळ सोडला आणि रडलो. नळाला पाणी नव्हतं, त्यामुळे बाहेर सगळं ऐकू गेलं असणार. श्रीमंत ना आम्ही!

काल गेलो बीएस्सीचा फॉर्म भरायला. फी-सवलतीच्या रकान्यात कल्याणीनंच 'नाही' लिहिलं. काउंटरवरच्या म्हाताऱ्या क्लार्कनं चष्मा वर केला, फॉर्म पुन्हा वाचला आणि उठून माझा हात हातात घेतला हो! "वा! सकाळपासून सवलत न मागणारे पहिले पालक तुम्ही. नाहीतर हल्ली लोक काय वाट्टेल ते उत्पन्न दाखवतात, साहेब!"

कल्याणी माझ्याकडे बघतेय. मागे रांग.

म्हटलं, "असतं एकेकाचं तत्त्व."